अहिंसेच्या बारा म्हशी

आकाराम कांबळे पहाटे पाचला उठून पंचशील म्हणतो आणि सातच्या आत कुणाला तरी शिव्या घालतो. दोन्ही अगदी मनापासून. गारगोटीजवळच्या ज्या गावात तो राहतो, तिथल्या विहारात रविवारची वंदना त्याच्या आवाजाशिवाय सुरू होत नाही आणि गावातल्या भांडणालाही त्याच्या आवाजाशिवाय रंग चढत नाही. "मैत्री भावना म्हणताना सुदिक डोळं वटारून म्हणत्यात," असं त्याची बायको तानाबाई सांगते. चौतीस वर्षं तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक होता. म्हणजे डॉक्टर सुई टोचायचे आणि लाथ हा खायचा. जखमा धुवायच्या, किडे काढायचे, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून पिल्लू फिरवायचं, ही कामं त्याची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी लोक त्यालाच डॉक्टर म्हणतात. याचा त्याला अभिमान आहे आणि तो लपवायच्या भानगडीत तो पडत नाही. याच अभिमानानं पुढं त्याचा घात केला.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. तिथं पत्र्याच्या बावीस शेड आहेत. तीन पावसाळ्यांपूर्वी डोंगराला भेग पडली आणि कातळवाडी नावाची अख्खी वाडी एका दिवसात खाली आणून या पत्र्यांत कोंबली. सहा महिन्यांत पक्की घरं देतो असं सांगितलं होतं. सांगणारे बदलून गेले, पत्रे मात्र तिथंच आहेत. पाटीवर 'दरडग्रस्त पुनर्वसन वसाहत' असं लिहिलंय, पण गावातली माणसं त्यांना सरळ निर्वासित म्हणतात. आपल्याच तालुक्यातली, आपल्याच बोलीतली, लग्नकार्यात पंगतीला बसलेली माणसं, आणि त्यांना निर्वासित! ऐकलं की आकारामचं टाळकं सरकतं.

तिथं तेरा नंबरच्या शेडमध्ये चिमणाबाई राहते. नवरा कागलकडं एका कारखान्यात रखवालदार आहे, महिन्यातून एकदा येतो. दोन मुली आहेत. वाडीवर असताना तिच्याकडं अकरा शेळ्या होत्या. दरडीच्या दिवशी माणसांना ट्रॅक्टरमध्ये घातलं, शेळ्यांना जागा नव्हती. त्या वरच राहिल्या आणि पुन्हा दिसल्या नाहीत. तेव्हापासून ती एकच मागणं मागत होती.

"मला चार शेळ्या द्या," ती ज्याला त्याला सांगायची. "घर दिऊ नगासा, भांडी दिऊ नगासा. चार शेळ्या द्या, बाकीचं माझं मी बघती."

गेल्या वर्षी विहारानं या लोकांसाठी वर्गणी गोळा केली. देणारे कोण, तर शेतमजूर, गवंडी, अंगणवाडीतल्या बाया. पण दिली. त्याच वेळी कोल्हापूरच्या 'मैत्रीछाया प्रतिष्ठान'चा निरोप आला, की विहार जेवढं घालेल त्याच्या कितीतरी पट आम्ही घालतो, आपण मिळून या कुटुंबांना जनावरं देऊ. ही मंडळी शहरातली, चांगल्या घरची. दहा-दहा दिवसांच्या ध्यान शिबिरांतून बुद्धाकडं आलेली. अध्यक्ष दत्तप्रसाद सर, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. सचिव कालिंदीताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मऊ, कुणाचंही दुखणं ऐकलं की डोळ्यांत पाणी. माणसं वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वाईट माणसांवर चिडणं सोपं असतं.

राजारामपुरीत त्यांच्या हॉलमध्ये बैठक झाली. आकारामला बोलावणं होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो गेला. टेबलावर प्रत्येकाच्या नावाची पाटी होती. त्याच्या पाटीवर छापलं होतं, 'धम्मबंधू आकाराम कांबळे, पशुतज्ज्ञ'. चौतीस वर्षांत सरकारनं त्याला कधी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. त्यानं ती पाटी तीनदा वाचली.

"शेळ्या द्या," तो म्हणाला. "शेळी माळावर जाऊन आपलं आपण खाऊन येती. पाणी कमी लागतंय. वर्सा-दीड वर्सात दोनदा विती. गरिबाचं जनावर हाय ते."

"आणि बोकडांचं काय होतं?" दत्तप्रसाद सरांनी शांतपणे विचारलं.

"ती इकत्यात."

"कुणाला?"

उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं.

"तिथंच अडचण आहे," सर म्हणाले. "सम्यक आजीविकेत भगवंतांनी प्राण्यांचा व्यापार वर्ज्य सांगितला, मांसाचा वर्ज्य सांगितला. आपण शेळी दिली, तर ते रक्त आपल्या दानाला लागणार. निर्वासितांना मदत करायची म्हणून आपण खाटकाला पुरवठा करायचा का? म्हैस द्यावी. म्हैस दूध देते. दुधात हिंसा नाही. तुम्ही तर जन्मानंच धम्मातले, आकारामजी. तुम्हाला मी काय सांगणार!"

दुधात हिंसा नाही! आकारामच्या जिभेवर उत्तर आलं होतं. म्हशीला रेडा झाला की त्याचं काय होतं, हे त्याच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. रेडी झाली तर तिला जपतात, उद्या ती दूध देणार असते. रेड्याचा कुणाला काही उपयोग नाही. नांगराला ट्रॅक्टर आला, पैदाशीला सुई आली. मग त्याला मारतं कोण? कुणीच नाही. फक्त पाजत नाहीत. पान्हा फुटण्यापुरतं तोंड लावू देतात आणि ओढून खुंट्याला बांधतात. आठ-दहा दिवसांत ते आपोआप मरतं. सुरी नाही, खाटीक नाही, रक्ताचा थेंब नाही. चौतीस वर्षांत असली किती रेडकं त्यानं बघितली असतील, त्याला मोजदाद नाही.

हे तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. पण समोर ती पाटी होती, कालिंदीताई आदरानं बघत होत्या, आणि ज्या धम्मात तो जन्मला त्यातलंच वचन त्याला ऐकवलं गेलं होतं. उलट बोललो तर हे म्हणतील, बघा, नावाचाच बौद्ध. तो "व्हय, बरोबर हाय" म्हणाला. शिफारशीच्या कागदावर 'म्हशी योग्य' असं लिहून त्यानं खाली सही केली. येताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला होता आणि कंडक्टरशीसुद्धा भांडला नाही.

हिवाळ्यात बारा गाभण म्हशी आल्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात हार, फोटोबिटो. म्हैस विकायची किंवा बदलायची असेल तर प्रतिष्ठानची परवानगी लागेल, असा करार प्रत्येकीकडून अंगठा-सही घेऊन झाला. चिमणाबाईनं अंगठा उठवता उठवता आकारामकडं बघितलं.

"डॉक्टर, शेळ्या सांगितलं हुतं की वो मी."

"शेळ्या बसत न्हाईत त्यांच्या नियमात."

"आनि म्हस बसती? टँकर दोन दिसातनं एकदा येतोय. त्यात पोरींनी प्यायचं का हिला धुवायचं? वैरण कुठली घालू, पत्रा घालू?"

आकारामनं तिचं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

फाल्गुनापासून म्हशी व्यायला लागल्या. वैशाखापर्यंत नऊ व्याल्या. तीन रेड्या, सहा रेडे. प्रत्येक वेळी लोकांनी आकारामलाच बोलावलं, कारण डॉक्टर तोच. त्यानं हात घालून ओढून काढलेलं, तोंडातला चिकटा पुसलेलं, नाकात फुंकर मारून जगवलेलं पिल्लू पंधरवड्यानं वसाहतीमागच्या ओढ्यात दिसायचं. एक, दोन, तीन. पाच झाली. माणसांना बोलायला तोंड नव्हतं. सकाळ-संध्याकाळ डेअरीची गाडी यायची. जेवढं दूध जाईल तेवढेच पैसे घरात येणार, आणि त्यातलेही अर्धे पेंडीच्या पोत्यातच जायचे. रेडक्याला पाजायचं कशातनं?

चिमणाबाईची म्हैस सगळ्यांत शेवटी व्याली. सहावा रेडा. पाचव्या दिवशी आकाराम म्हशीची कास बघायला गेला, तेव्हा ते खुंट्याला आखूड बांधलेलं होतं. डोळे आत गेलेले, फासळ्या वर आलेल्या. आकारामनं पाय जवळ नेला तर त्याच्या पायाचा अंगठाच चोखायला लागलं. त्यानं पाय काढला नाही.

"चिमणाबाई, ह्येला पाजती का न्हाई?"

"न्हाई," ती म्हणाली. भाकरी थापायची थांबली नाही. "पाजलं तर माझ्या पोरी काय खातील? आनि तुमी नगा इचारू मला. वाडीवर माझ्या शेळीचं पिल्लू सकाळ-संध्याकाळ आईला लुचायचं, पोट टुम्म हुईस्तवर. बोकड झाला म्हून म्या कधी त्येचं त्वांड बांधलं न्हाई. इकायच्या दिवसापतूर खाऊन-पिऊन, उड्या मारत जगायचा. जाताना मी रडायची, खरं सांगती. पण उपाशी कुणाला मारलं न्हवतं. ही पाळी तुमी आणली माझ्यावर."

आकारामला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तो तसाच घरी निघून आला.

त्याच आठवड्यात दत्तप्रसाद सरांचा फोन आला. सकाळची वेळ होती, आकाराम अंगणात दाढी करत होता.

"जय भीम, आकारामजी! वैशाख पौर्णिमेला वसाहतीत कार्यक्रम ठेवलाय. पुण्याहून देणगीदार येताहेत. तुमचा सत्कार आहे आणि विश्वस्त म्हणून तुमचं नावही जाहीर करायचंय. पंचशील तुम्हीच द्यायचं, बरं का. एक छोटीशी अडचण आहे. वसाहतीमागं ओढ्यात काही मेलेली वासरं पडलीत म्हणे. वास येतो. तुमच्या वस्तीतली चार माणसं घेऊन ती जरा लांब ओढून टाकायची व्यवस्था कराल का? म्हणजे, तुमच्या लोकांना त्या कामाची सवय असते, म्हणून म्हटलं."

आकारामच्या गालावरचा साबण वाळायला लागला. सरांनी दोनदा हॅलो म्हटलं.

"सर," तो शेवटी म्हणाला, "माझा बा ह्या गावाची मेलेली ढोरं वढायचा. त्येचा बा बी तेच करायचा. धम्म घेतला त्या साली पाटलाचा बैल मेला, सांगावा आला, आनि माझ्या बानं कासरा गावाच्या चावडीत नेऊन टाकला. म्हणाला, आजपास्नं न्हाई. गावानं तीन म्हैनं दळण बंद केलं, विहिरीवर चढू दिलं न्हाई. मी तवा जन्मलोबी न्हवतो, पण आमच्या घरात अजून तीच गोष्ट सांगत्यात. आमच्या दारातनं मढं गेलं तवा बुद्ध आत आला, सर. आनि तुमी मला बुद्धाच्या कार्यक्रमासाठी मढं वढाय सांगताय?"

"नाही, नाही, तुमचा गैरसमज होतोय..."

"गैरसमज माझा न्हाई!" आकाराम इतक्या जोरात ओरडला की शेजारचं कुत्रं उठून पळालं. त्यानं फोन ठेवला, वस्तरा बादलीत फेकला आणि मग अर्धा तास त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते लिहिण्याजोगं नाही. तानाबाई चुलीजवळ बसून सगळं ऐकत होती. त्याचा दम संपल्यावर तिनं चहाचा कप पुढं केला.

"राग त्यांचा आलाय का सवताचा?" तिनं विचारलं. "त्या म्हशींच्या कागदावर सही कुणाची हाय?"

त्यानं चहा घेतला नाही.

पौर्णिमेला मांडव उभा राहिला. रेडकं कुणी ओढली नाहीत म्हणून आदल्या दिवशी प्रतिष्ठाननं जेसीबी बोलावून ओढ्यात मुरूम ढकलला होता. तरी वारा फिरला की वास यायचा. मग कुणीतरी अगरबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला. दत्तप्रसाद सर फोनचं सगळं विसरल्यासारखे हसून भेटले. आकाराम फोनच्या दिवसापासून तशीच ठेवलेल्या अर्ध्या दाढीनं, घरच्या कपड्यात येऊन मागं उभा होता. पुढं बसा म्हटलं तरी हलला नाही.

वंदनेआधी कालिंदीताई पाहुण्यांना शेड दाखवायला निघाल्या. चौदा नंबरला चिमणाबाईची धाकटी जाऊ वर्षाराणी धार काढत होती. म्हैस समोरच्या रेडक्याला चाटत होती. मायेनं, डोळे मिटून, कपाळापासून मानेपर्यंत.

"अगं बाई, बघा तरी!" कालिंदीताई जागीच थांबल्या. "आईची माया ती आईची माया. आणि बाळ किती शांत उभंय! फोटो घ्या ना कुणीतरी."

त्या पुढं झाल्या, वाकल्या, आणि फोटोसाठी त्यांनी रेडक्याच्या अंगावरून हात फिरवला. हात फिरता फिरता थांबला. कातडं वाळून कडक झालं होतं. पोटाखालच्या शिवणीतून पेंढ्याच्या काड्या बाहेर आल्या होत्या. पाय म्हणजे चार बांबू. ताईंनी तापल्या तव्याला लागल्यासारखा हात मागं घेतला.

"हे... हे काय आहे?"

"पेंढा भरलाय, बाई," वर्षाराणी साधेपणानं म्हणाली. "खरं रेडकू मागंच मेलं. ह्येचा वास घेतल्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाई. म्हून कातडं ठेवलंय."

"मेलं? कशानं मेलं? आजार होता का?"

वर्षाराणीनं मान खाली घातली. चिमणाबाई आपल्या शेडच्या दारात उभी होती. पाहुण्यांनी फोन खाली घेतले.

"उपाशी मेलं," मागून आकारामचा आवाज आला. "पाजलं न्हाई म्हून मेलं. आनि हे एकटं न्हवं. पाच मेली. तुमी काल ज्या वड्यात मुरूम वतला, त्येच्या खाली हाईत. तुमच्या अहिंसेच्या म्हशींची पोरं."

"आकारामजी, हे आपण नंतर बोलू," दत्तप्रसाद सर घाईनं पुढं आले. मग पाहुण्यांकडं वळून समजावणीच्या सुरात म्हणाले, "दुर्दैवी आहे, पण आम्हाला याची कल्पना नव्हती. चेतना शुद्ध होती. विनयपिटकातच सांगितलंय, जे आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, ज्याची शंकाही आली नाही, त्याचा दोष लागत नाही."

इथं आकारामचा बांध फुटला.

"सर, त्यो नियम भिक्षूचा हाय! हातात वाडगं घिऊन परक्याच्या दारात हुबा ऱ्हायलेल्या माणसाचा. वाडग्यात पडंल ते खायचं, निवड न्हाई, म्हून त्येला ती सूट. तुमच्या हातात वाडगं कुठं हुतं? चेकबुक हुतं! घेणाऱ्याची सूट देणाऱ्यानं वापरायची? बघितलं न्हाई म्हणता, बघाय आलासा कधी? हार घालून गेलासा ते आज उगवलासा. ऐकलं न्हाई म्हणता, ही बाई पहिल्या दिवसापास्नं शेळ्या द्या म्हून वरडतीया, तिचं कुणी ऐकलं? आनि शंका? शंका आली आसंल तुमास्नी. वास आल्यावर कशाचा हाय ते इचारलं न्हाईसा, लांब टाका म्हणालासा!"

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. आकारामला त्याची दया आली नाही.

"तुमचं ऱ्हाऊ दे. तुमी बघितलं न्हवतं, ह्ये एक येळ मानू. पण म्या बघितलंय. चौतीस वर्सं बघितलंय. त्या दिवशी तुमच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी बघून माझी जीभ जड झाली. सही माझी हाय. ह्या पाच जीवांचा दोष पयला मला लागलाय. मी काय तोंडानं पंचशील दिऊ हितं? न्हाई देत. सत्कार करायचा तर त्या पेंढ्याच्या रेडक्याचा करा, त्येनंच तुमचं दूध निर्मळ ठेवलंय."

कालिंदीताई रडत होत्या, पण रडत रडतच त्यांनी विचारलं, आणि ते विचारायला धाडस लागतं. "मग शेळ्या दिल्या असत्या, आणि बोकड कापायला नेला असता, तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?"

"न्हाई, ताई," आकारामचा आवाज एकदम खाली आला. "वाईट वाटलं असतं. दर टायमाला वाटंल. त्ये पाप न्हाई असं मी म्हणत न्हाई. पण त्ये डोळ्यासमोरचं आसतं. ज्या दिवशी नेला त्या दिवशी कुणी तरी रडतं. हितं पाच मेली, तुमी कवा रडलासा?"

"मला माहीतच नव्हतं हो."

"तेच म्हणतोय मी."

कालिंदीताईंनी डोळे पुसले. चिमणाबाईच्या दारात बांधलेल्या रेडक्याकडं त्यांचं लक्ष गेलं. ते अजून जिवंत होतं, गुडघे टेकून बसलेलं. "याला तरी वाचवू," असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथं ओळखीच्या एका गोशाळेत फोन लावला. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. पलीकडच्या माणसानं गोडीनं चौकशी केली, वय विचारलं, आणि मग म्हणाला, "म्हशीचं आहे का? रेडा? मग नाही घेता येणार, ताई. गाईचं असेल तर आत्ता गाडी पाठवतो."

फोन बंद झाला. त्या क्षणी चिमणाबाई दारातून खाली उतरली. तिनं रेडक्याचं दावं खुंट्यावरून सोडलं, त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि आपल्या म्हशीच्या कासेखाली उभं केलं. त्याला उभं राहता येईना, तेव्हा आपल्या गुडघ्याचा आधार दिला. ते लुचायला लागलं. धक्के मारत, फेस काढत. तेवढ्यात डेअरीची गाडी रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवायला लागली. रिकामी किटली दारात तशीच होती.

"बाई, गाडी आलीय," दत्तप्रसाद सर नकळत बोलून गेले.

"जाऊ दे की!" चिमणाबाई रेडक्यावरची नजर न काढता म्हणाली. "पुण्य तुमचं आनि मढी माझ्या दारात, हे कसलं वाटप वो, पावणं? आज ह्येला पिऊ दे. उद्या पोरींला काय घालायचं ते तुमी सांगा. तुमी लई शिकल्यालं हायसा."

गाडी निघून गेली. पाहुणे पुण्याला परतले, मांडव तासाभरात उतरला, आणि आकाराम घरी येऊन उरलेली दाढी न करताच झोपला.

महिन्यानं प्रतिष्ठानचं पाकीट आलं. विशेष बाब म्हणून म्हशींऐवजी शेळ्या बदलून देण्यास मंजुरी. आकारामनं कागद चिमणाबाईच्या शेडमध्ये नेऊन मोठ्यानं वाचला. तिचा चेहरा उजळला. मग तो चौथ्या कलमाशी आला आणि थांबला. त्यात लिहिलं होतं, 'लाभार्थी या शेळ्यांची नर पिल्ले कोणत्याही परिस्थितीत कत्तलीसाठी विकणार नाही, याची हमी देत आहे.' खाली लाभार्थीची सही आणि साक्षीदार म्हणून पशुतज्ज्ञाची.

"काय लिवलंय?" चिमणाबाईनं विचारलं.

"बोकड कापाय दिणार न्हाई, असं कबूल कर म्हणत्यात."

"मग त्येंचं करायचं काय? लोणचं?" तिनं कागदाकडं बघितलं. मग म्हणाली, "करा सही, डॉक्टर. कोण बघाय येतंय? ते न्हाई बघाय येत, म्हाईत हाय की आता."

तिचं बरोबर होतं. एक सही, आणि शेळ्या दारात. ती ज्याच्यासाठी तीन पावसाळे घसा कोरडा करत होती ते अगदी हाताशी आलं होतं. आणि आकारामचं टाळकं सरकलं. पुन्हा तेच! पुन्हा यांना स्वच्छ राहायचंय, आणि त्यासाठी खोटं या बाईनं बोलायचं, साक्ष त्यानं द्यायची. हिंसा तिच्या नावावर, खोटेपणाही तिच्याच नावावर.

"न्हाई," तो म्हणाला. "एकदा केली तशी परत न्हाई करत."

"आनि शेळ्या?" चिमणाबाईचा आवाज चिरकला. "तुमचं शील ऱ्हाईल, माझ्या शेळ्या जातील. तुमीबी त्यांच्यातलंच काय?"

हे त्याला लागलं. त्यानं कागद मांडीवर घेतला. मग पेन काढलं आणि चौथ्या कलमावर काट मारली, इतकी दाबून की कागद फाटला. खालच्या मोकळ्या जागेत त्यानं शाळेत गिरवलेल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं. 'बोकड विकले जातील. कापले जातील. हे मला माहीत आहे. त्याचा दोष माझ्याकडे लावावा. आकाराम कांबळे, बौद्ध.' चिमणाबाईचा अंगठा लाभार्थीच्या जागी घेतला आणि पाकीट उलट पाठवलं.

जून गेला, जुलै निम्मा गेला. चिमणाबाई त्याच्याशी बोलेनाशी झाली. विहारातही दोन तट पडले. म्हाताऱ्यांचं म्हणणं, आकारामनं देणगीदार घालवला. पोरांचं म्हणणं, बौद्ध म्हणून सही करून असं लिहायलाच नको होतं. तो कुणालाच समजवायला गेला नाही, फक्त दोघाचौघांना शिव्या घातल्या. चिमणाबाईचं रेडकू त्यानं आपल्या दारात आणून बांधलं होतं आणि बाटलीनं पाजत होता. त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. वैरण खायला लागल्यावर ते तानाबाईची केळी मुळापासून खाऊन गेलं.

जुलैच्या शेवटी कागद परत आला. दत्तप्रसाद सरांची सही त्यावर नव्हती. त्यांनी राजीनामा दिल्याचं नंतर कळलं. चौथं कलम फाटलेलं होतं तसंच होतं, मागून चिकटपट्टी लावलेली. आकारामच्या मोठ्या अक्षरांखाली निळ्या शाईत, बँकेतल्या माणसाच्या नेटक्या हस्ताक्षरात, एकच ओळ वाढवली होती आणि खाली मंजुरीच्या जागी कालिंदीताईंची सही होती.

'मलाही माहीत आहे.'